बाबांचं कॉलरबोन कुणी धरलं?

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं म्हणवत नाही. मी फिजिओथेरपिस्ट. बोळिंजच्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. आईच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं वरचं पेर कोयत्याने गेलेलं, तरी केळीचे घड कापून, पाटी डोक्यावर वाहून तिने मला शिकवलं. शरीरात काय कुठे बांधलेलं असतं ते मला ठाऊक आहे... म्हणूनच हे लिहिते आहे.

१९९९चा मे. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. भर दुपारी बाबा वाडीच्या बांधावरून खांद्यावर आपटले. मी धावत गेले तर त्यांचे ओठ निळे.

"बाय, गळा दाबलाय कुनीतरी..." एवढंच बोलले.

हात लावताच कळलं. कॉलरबोनचं आतलं टोक छातीच्या मधल्या हाडामागे सरकून श्वासनलिकेवर टेकलं होतं. काका रिक्षा आणायला पळाले, पण रिक्षा येईपर्यंत बाबा टिकणार नव्हते. हात ओढून हाड जागेवर आणता येतं – पण मागेच मोठ्या रक्तवाहिन्या. एखादी फाटली तर सगळं तिथेच संपणार. मी थिजले.

"डिगरी भिंतीला टांगलीस ना? मग लाव की कामाला!" काकी ओरडली. पाठीखाली घालायला काहीतरी हवं असं मी म्हणाले, तर तिने आईची चुंबळ फेकली – पाटीखाली डोक्यावर ठेवायची ती कापडाची.

चुंबळ बाबांच्या पाठीखाली सरकवली, हात बाजूला घेऊन मागे ओढला... कट्! बाबांनी श्वास घेतला.

रिक्षात मी त्यांच्या शेजारी. रस्ता नुसता खड्ड्यांचा. मधेच बाबा कण्हले, "बाय, सोड आता. लय दाबतेस."

माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.

संध्याकाळी ऑपरेशननंतर सर्जन बाहेर आले. "हाड तुम्ही बसवलंत? छान. पण ते इथवर राहिलं कसं? पुढची-मागची लिगामेंट्स फाटलीत. कॉलरबोनला पहिल्या बरगडीशी बांधून ठेवणारं ते आखूड, जाड लिगामेंट – तेही गेलंय. धरायला काही उरलंच नव्हतं. पहिल्याच खड्ड्याला हाड परत मागे जायला हवं होतं."

मग म्हणाले, "आणि हाडाच्या मागे, आत, एक काळानिळा वळ आहे. अंगठ्याने रेटून धरावं तसा. वर कातडीला ओरखडासुद्धा नाही."

"अंगठ्यासारखा?"

"हो. फक्त आखूड. वरचं पेर नसल्यासारखा."

काकी माझ्या शेजारीच उभी होती. आईला शेवटची आंघोळ तिनेच घातली होती. घरी पोचल्यावर तिने बांधावर पडलेली चुंबळ उचलून कपाळाला लावली.

साकळलेल्या रक्ताला कसलाही आकार येतो, हे मीच पेशंटना सांगते. पण तेवढ्या रस्त्यात ते हाड कशाने धरलं, याचं उत्तर माझ्या एकाही पुस्तकात मिळालेलं नाही.

डिग्री अजून भिंतीवर आहे. चुंबळ तिच्या शेजारच्या खुंटीला.