मामाचा उपास

सुरुवातीलाच माफी मागतो. मी काही लेखक नाही. किन्हवलीकडच्या एका शेतकरी घरातला, घरात पहिल्यांदाच कॉलेजचं तोंड पाहिलेला मुलगा आहे. परीक्षेतल्या निबंधापलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही, आणि तोसुद्धा वेळ संपत आल्यावर कसाबसा. शिवाय ज्याच्याविषयी लिहायचं तो माझा सख्खा मामा. आपल्यापेक्षा मोठ्या माणसाबद्दल असं चारचौघांत लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. पण एक गोष्ट मात्र मी न घाबरता सांगू शकतो. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत माझ्या मामाइतकं भातावर प्रेम कोणी केलेलं नाही, आणि भात सोडण्यासाठी त्याच्याइतकी फजिती कोणी करून घेतलेली नाही.

मामाचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत. लहानपणी सुट्टीत तिथे गेलो की मी आधी मामाचं जेवण बघायला बसायचो. त्याच्या ताटात भाताचा डोंगर असायचा आणि डोंगराच्या माथ्यावर तो बोटानं तळं करायचा. पहिला डोंगर सुकटीच्या कालवणाशी, दुसरा वरणाशी, आणि मग तिसऱ्यांदा थोडा भात नुसता, कशातही न कालवता, कारण "आतापावेतो कालवनाची चव घेतली, आता भाताची घेऊ." लग्नाच्या पंगतीत वाढपी त्याच्यापाशी आले की पुढे सरकतच नसत. एकदा आमच्या घरी तो अचानक जेवायला आला, तेव्हा आईनं आम्हा भावंडांना चहा-बटरवर झोपवलं होतं. एवढं खाऊन अंगानं मात्र वेळूच्या काठीसारखा. त्यामुळे दिवाळीनंतर पायाला मुंग्या येतात म्हणून तो मुरबाडला दवाखान्यात गेला आणि त्याला शुगर निघाली, तेव्हा मामीचा विश्वासच बसेना. "यांच्या अंगात शुगर मावली कुठं?" असं ती मला विचारत होती.

मला विचारायचं कारण, मी कॉलेजात आहे. मी कॉमर्सला आहे आणि साखरेविषयी मला बाजारभावापलीकडे काही शिकवलेलं नाही, हे मी मामीला पुष्कळदा सांगितलं; पण आमच्याकडे शिकलेला माणूस म्हणजे सगळ्याचंच शिकलेला. म्हणून मामासोबत डॉक्टरांकडे मी गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "भात बंद, गोड बंद. पण काम बंद करू नका. रोज चालायचं." काम बंद नाही हे ऐकून मामाचा चेहरा इतका खुलला की पहिलं वाक्य त्याच्या कानात किती शिरलं याची मला शंकाच आली.

पण तसं नव्हतं. मामानं शब्द पाळला होता. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, "भाच्या, एक शीत पन खाल्ला नाय." त्याच्यासमोर तांदळाच्या भाकरींची चळत होती. सकाळी कण्यांची पेज झाली होती, दुपारी पोहे झाले होते. मला बोलायचा धीर होईना. शेवटी मी म्हटलं, "मामा, ही भाकरी कशाची?" त्यानं भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "ही पन?" "ही पण." "अन पोहे?" "पोहे पण." "अन घावन?" मी नुसती मान हलवत होतो. एकेक नातेवाईक गेल्याची बातमी सांगतोय असं मला वाटत होतं. मामानं हातातला तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाला, "मंग घरात ऱ्हायलं कोन?"

मग त्याला राग आला, आणि मामाचा राग नेहमी स्वतःवरच निघतो. त्यानं सगळंच सोडलं. काकडी, ताक आणि डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या, एवढ्यावर तो लाकडं फोडायला लागला. अर्ध्या ओंडक्यातच त्याचे हात थरथरले, अंगाला घाम सुटला आणि कुऱ्हाड टाकून तो खाली बसला. मामीनं गुळाचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांनाही धारेवर धरलं. खाणं कमी केलं तर गोळीही कमी करावी लागते, ती त्यांना विचारून करायची. रिकाम्या पोटी गोळी आणि कुऱ्हाड एकत्र चालणार नाही. भात गेला तर त्याच्या जागी पोटाला आधार देणारं काहीतरी हवं. आणि खिशात कायम गुळाचा खडा. त्या दिवसापासून मामीनं सूत्रं हातात घेतली. सकाळी दोन अंडी, दुपारी सुकट किंवा बोंबील, वालाची उसळ वाटीभर, पालेभाजी मात्र हवी तेवढी, आणि मीठ घातलेलं ताक. सुरुवातीचे काही आठवडे फार वाईट गेले. मामा चिडचिडा झाला, चढावर दम लागायचा. "पाय माझं नायत, कुनाचं तरी उसनं आनल्यासारखं वाटतंय," म्हणायचा. मग हळूहळू शरीरानं ते मान्य केलं असावं. एका सकाळी तो भारा घेऊन न थांबता टेकडी चढला आणि वर पोचल्यावर त्यानं मामीला मोठ्यानं हाक मारली. काही काम नव्हतं. नुसतंच कळवायचं होतं.

चालण्याची गंमत वेगळीच. आमच्याकडे माणूस शेतावर जातो, बाजारात जातो, देवाला जातो. नुसता चालायला कोणी जात नाही. मामा सकाळी रस्त्याला लागला की प्रत्येक जण विचारायचा, "कुठं?" तो खरं सांगायचा, "कुठं नाय." लोकांना काळजी वाटू लागली. त्यापेक्षा वाईट म्हणजे मोटारसायकलवाले थांबायचे. ओळखीच्या माणसानं "बस मागं" म्हटल्यावर नाही म्हणणं मामाला जमायचं नाही. तो मुकाट्यानं बसायचा, लांब कुठेतरी उतरायचा आणि मग तिथून चालत यायचा. शेवटी त्यानं हातात कोयता घेऊन फिरायला सुरुवात केली. कोयता असला की माणूस कामाला निघालाय हे उघडच असतं, कोणी विचारत नाही. कोयत्याचं एकही काम न करता तो तसाच परत यायचा आणि कोयता जागेवर ठेवताना कसनुसा हसायचा. म्हसा गावच्या जत्रेतही त्यानं मला असंच हसवलं. जिलेबीच्या कढईपाशी तो उभा राहिला आणि हलवायाशी बैलांच्या भावाविषयी, थंडीविषयी, तेलाविषयी इतका वेळ बोलला की हलवायानं आपणहून एक जिलेबी पुढे केली. मामा म्हणाला, "नको, मी वास घ्याया आलतो," आणि हात जोडून निघाला.

एवढं सगळं करूनही शुगरची गोष्ट त्यानं गावात कोणाला सांगितली नव्हती. आम्हालाही शपथ घातली होती. कारण सावड. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आमच्याकडे मजूर परवडत नाहीत आणि मिळतही नाहीत. पाच-सहा घरं एकत्र येतात, आज एकाच्या शेतात भात लावतात, उद्या दुसऱ्याच्या. त्याला सावड म्हणतात. मामाच्या सावडीचा कारभार शेजारच्या काकीकडे. सगळं गाव तिला काकीच म्हणतं. काही वर्षांपूर्वी सावडीतला एक जण आजारी पडला, तेव्हा काकीनंच त्याला मायेनं म्हटलं होतं, "तू बस बांधावर." पुढच्या वर्षी त्याला हाक गेली नाही. जो दुसऱ्याच्या शेतात जात नाही, त्याच्या शेतात कोण येणार? त्याचं शेत अर्धेलीनं दुसऱ्याकडे गेलं. मामाची दोन्ही मुलं नोकरीसाठी लांब. तो मला म्हणाला होता, "लोकांना माझी कीव आली ना भाच्या, मंग माझं शेत गेलं."

आता अडचण अशी की सावडीत दुपारचं जेवण ज्याचं शेत त्याच्या घरचं. टोपभर भात बांधावर येतो, आणि तो नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान. भाताच्या टोपाला नाही म्हणायची आमच्याकडे एकच वाट आहे. मामानं ती धरली. पहिल्याच दिवशी त्यानं हात जोडून सांगितलं, "मला उपास हाय." कशाचा, कधीपर्यंत? "देवाला बोललोय. सांगितला तर फळत नाय." काम झालं. कोणी आग्रह केला नाही.

मामानं फक्त एक विचार केला नव्हता. उपासाच्या माणसाला आमच्याकडे उपाशी ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी काकीनं त्याच्यासाठी वेगळा डबा आणला: साबुदाण्याची खिचडी, वर उकडलेलं रताळं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या घरानं वरीचा भात आणि केळी. मग राजगिऱ्याचे लाडू. नवसाचा माणूस आपल्या बांधावर जेवला तर थोडं पुण्य आपल्यालाही, म्हणून घराघरांत चढाओढ लागली. आणि जे त्याला चाललं असतं, ती अंडी, ती सुकट, शेतातल्या मुठ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, लालभडक कालवण, ते सगळं उपासवाल्याच्या दहा हात लांब ठेवलं जाई. मी आवणीसाठी दोन दिवस सुट्टी काढून गेलो, तेव्हा मामाची शुगर पुन्हा चढली होती आणि मामी रडकुंडीला आली होती. तिनं उकडलेली दोन अंडी फडक्यात बांधून त्याच्या खिशात घातली आणि म्हणाली, "खिचडी दोन घास खा अन बाकी कुत्र्याला घाला. कुठं तरी आडोसा बघून हे खा."

त्या दिवशी काकीच्या खालच्या भातखाचराची पाळी होती. जेवणाच्या सुट्टीत मामा उठून करवंदीच्या जाळीमागे गेला. थोड्या वेळानं काकी ओहोळावर हात धुवायला त्याच बाजूला गेली. मग आम्हाला तिचा आवाज ऐकू आला, अगदी शांत. "काय रे, उपासाला अंडा?"

मामा जाळीमागून बाहेर आला तेव्हा त्याचा गाल फुगलेला होता. त्यानं आधी तो घास गिळला, ताकाचा घोट घेतला, आणि चिखलाचे हात तसेच समोर धरून सगळ्यांना सांगितलं. शुगर, गोळ्या, पायाच्या मुंग्या, लाकडं फोडताना आलेली चक्कर. "उपास बिपास काय नाय. तुमी मला बांधावर बसवाल म्हनून बोललो. माझं हात-पाय अजून चालतायत."

काकीनं विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"अन मी तुला साबुदाना भरवला."

"व्हय."

"अन तू खाल्लास."

"तुमी मायेनं आनलेला," मामा म्हणाला.

काकीनं त्याच्यासमोरचा खिचडीचा डबा उचलला, झाकण लावलं आणि चिखलात उतरली. संध्याकाळपर्यंत ती मामाशी बोलली नाही. मामा सगळ्यात कडेची ओळ धरून लावत राहिला. घरी येताना त्यानं मला विचारलं, "आपली आवनी परवा हाय. येतील का रे कोन?" मी "येतील" म्हटलं, पण माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी मला शहापूरला परतावं लागलं. माझी परीक्षा होती. हॉस्टेलवर पुस्तक उघडलं की मला मामाचं खाचर दिसायचं, चिखल करून ठेवलेलं, आणि बांधावर एकटा उभा मामा. फोन लावला तर लागत नव्हता. पावसात तिकडचा टॉवर नेहमीच बंद पडतो. आईलाही काही कळलं नव्हतं. माझा पेपर झाला, दुसराही झाला. मी रोज सकाळी उठल्यावर आधी फोन लावायचो आणि रोज ती बाई सांगायची की हा नंबर सध्या पोहोचण्याच्या पलीकडे आहे. कधी नव्हे ते मला वाटलं की ती खरं बोलते आहे.

शेवटी एका सकाळी मामीचाच फोन आला.

"आली रे सगळी," ती पहिलंच वाक्य बोलली. काकी सगळ्यांच्या आधी आली होती, डोक्यावर टोपली, टोपलीत मुठ्यांचं कालवण. सगळ्यांसमोर तिनं सांगितलं, "हे याचं. कोनी हात लावाचा नाय. अन पुन्हा देवाचं नाव मधी घेतलंस तर बघ." दुपारी मामीनं टोपभर भात नेला. घरचं शेत म्हणून मामानंच तो सगळ्यांना वाढला, भाताच्या वाफेत उभं राहून, "घ्या, अजून घ्या" म्हणत; आणि टोप रिकामा झाल्यावर आपलं कालवण घेऊन सगळ्यांच्या मधे बसला. मामी म्हणाली, "एकदा टोपाकडं बघितलानी, मी बघत व्हती. पन काय बोलला नाय." आता डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलंय. शुगर बरीच उतरलीय, अशीच राहिली तर गोळी अजून कमी करू म्हणाल्या.

मी म्हटलं, "मामी, मामाला दे ना फोन."

"ते कवाच गेलं," मामी म्हणाली. "काकीचं वरचं खाचर ऱ्हायलंय. पहाटं हाक मारून गेली ती, लवकर ये म्हनून."