कमळाचा खुबा आणि केसरीनाथचा मांडव

माझी सासू कमळा आणि मी, आमचं कधीच पटलं नाही. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला गुणाची सून म्हणायचं. अंजूरमध्ये ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत धवले गाऊन देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलावणारी. पाटावर मांडी घालून गायचं आणि शेवटी पेटता दिवा दोन्ही हातांत धरून, कुठेही हात न टेकता उठायचं. साठी आली तरी ती अशी उठायची. उठून सगळ्यांकडे अशी बघायची की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गाताना दम लागू नये म्हणून पडघ्याच्या बाजारातल्या एका भोंदूकडून ती पुड्या आणायची. वर्षानुवर्षं. गळा मोकळा राहिला आणि जांघेत कळ सुरू झाली. ठाण्याच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, पुड्यांत स्टेरॉइड असणार, त्यानं खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचत नाही, हाड आतून मरतंय. पण गोळा अजून गोल आहे. हाडात भोक पाडून दाब कमी करू, कमरेच्या हाडातला मगज तिथे सोडू, म्हणजे सांधा वाचू शकेल. नाही वाचला तर नकली सांधा, मग जमिनीवर बसणं बंद.

"मी पाटावर बसन का न्हाय, तेवढं सांग," सासू म्हणाली.

"गोळा खचला नाही तर बसाल. पण मी सांगेपर्यंत या पायावर भार टाकायचा नाही."

ऑपरेशन झालं, वॉकर आला. तिचं सगळं मी केलं. शिव्या खात केलं आणि मनातल्या मनात शिव्या देत केलं.

अशात तिचा धाकटा दीर केसरीनाथ आला. गोडाऊनवाला. त्याच्या मुलीचं, मेघालीचं लग्न होतं.

"वयनी, घरची धवलारीण असताना भायेरची आनू का? लोक काय बोलतील?"

"डॉक्टरांनी भार टाकू नका सांगितलंय," मी म्हणाले.

"अगो, भार कंचा? खुर्चीतून उचलून नेतो. पाय जमिनीला लागला तर मना बोल."

माझा नवरा प्रितेश काकांपुढे मान डोलवायलाच जन्माला आलाय. आणि सासूचे डोळे तर केव्हाच चमकले होते. मला तिघांचीही चीड आली.

हळदीला तिला खुर्चीतून नेलं, उचलून पाटावर बसवलं. पाय लागू दिला नाही, हे केसरीनाथ मांडवभर सांगत फिरला. ती गायली. गावदेवीपासून मेघालीच्या गेलेल्या आजीपर्यंत सगळे आले असतील, असा आवाज लागला होता. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मग कुणीतरी तिच्या हातांत दिवा दिला. सगळे हात जोडून उभे राहिले. उठतानाही तिला उचलायला हवं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी मागून ओरडले, "आई, थांबा!" बँजोच्या आवाजात कोण ऐकतं? ती नेहमीसारखी उठली, सगळा भार त्याच पायावर. चेहरा पांढराफटक पडला, पण दिवा तिनं पडू दिला नाही.

एक्स-रेमध्ये गोळा दाबलेल्या अंड्यासारखा खचलेला होता. डॉक्टर म्हणाले, कदाचित एरवीही खचला असता. ते मी ऐकूनच घेतलं नाही. नकली सांधा बसला. ती आता झकास चालते. जमिनीवर बसत नाही आणि गातही नाही.

परवा केसरीनाथ पुन्हा आला. आता मुलाचं, विपुलचं लग्न.

"वयनी, खुर्चीवर बसून बोल धवले. आता चालतंय सगळं."

सासू म्हणाली, "मृणाली, पाट आन." मी आणला. "बस, केसरी."

तो हसत बसला.

"आता ऊठ. हात न टेकता."

तो पुढे झुकला, मागे झुकला, लालबुंद झाला. हात जमिनीकडे गेला, तशी सासू कडाडली, "हात न टेकता! तुज्याच मांडवात मी शेवटची उठले, केसरी. बघत हुता ना?"

केसरीनाथनं माझ्यापुढे हात केला. मी त्याच्या चहाची कपबशी उचलली आणि आत गेले.