पाच रिवेटची उडी

लेव्हल चारमधली उडी सोपी होणार नाही.

गेमचा डेमो टाकल्यापासून निम्मे मेसेज त्याचेच आहेत, म्हणून एकदाच लिहिते.

ती उडी ज्यांना कधीच जमली नाही, त्या माझ्या आतोबांना जाऊन आज वर्ष झालं.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. देवासच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. रिटायर झाल्यावरही घरात आलेली प्रत्येक वस्तू उलटी करून बघायचे.

मी नोकरी सोडून गेम करायचं ठरवलं, तेव्हा धारला घरी कोणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं. आत्याने देवासला बोलावून घेतलं आणि वरची खोली दिली.

जुन्या धाटणीचा ॲक्शन गेम. सोळा बाय सोळा पिक्सेलच्या टाइल्स, मोजके रंग. पहिली लेव्हल बदनावरची मंडी, सोयाबीनच्या पोत्यांवरून उड्या. चौथी लेव्हल कारखाना.

आतोबा पहिल्यांदा वर आले ते स्वतःचं स्टूल घेऊन. हिरवं, लोखंडी. एक पाय आखूड, त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा.

बराच वेळ नुसते बघत बसले. मग स्क्रीनवरच्या प्रेस मशीनकडे बोट.

"ये भिया एकदम कसा काय येऊन पडतो अंगावर?"

"एनिमी आहे, आतोबा. मारणारच."

"मारू दे ना. पण मशीन सांगून मारतं. आधी हवा सुटते, मग हादरा बसतो, मग प्रेस खाली येतो. न सांगता फक्त माणूस मारतो."

मी प्रत्येक एनिमीला हल्ल्याआधी थोडी हालचाल दिली. हवा, हादरा, मग वार.

गेम त्या दिवशी खेळण्यासारखा झाला. प्रेसचं नाव कोडमध्ये अजून 'भिया' आहे, म्हणजे इकडच्या बोलीतला भैया.

मग ते स्वतः खेळायला लागले. उजव्या हाताला कंप होता, अंगठा उशिरा दाबला जायचा. तीन लेव्हल्स चिकाटीने पार केल्या आणि चौथीत त्या उडीपाशी अडकले.

दोन प्रेसच्या मधली खाच, पाच टाइल्स रुंद. रोज सकाळी पोह्यांनंतर यायचे. शेजारी एक पॅड. त्यात कारखान्यासारखे रकाने आखलेले: प्रयत्न, कुठे पडलो, कारण.

कारणात दोनच शब्द चालायचे. मशीन किंवा ऑपरेटर.

ते दर वेळी लिहायचे, "ऑपरेटर."

खालून आत्या ओरडायची, "अगं, त्यांना एकदा जिंकू दे गं! माझा चहा गार होतोय."

आणि ते मला विचारायचे, "पलीकडे काय आहे?"

"पार करा, दिसेल."

"बडी आयी डिझायनर!"

पलीकडे ते स्वतः होते. खाच ओलांडली की चेकपॉइंट आहे. तिथे स्टुलावर एक चष्मेवाला म्हातारा बसलाय. खेळाडूला खालून वरून बघतो आणि शिक्का मारतो: पास.

मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी उडी पार करूनच ते बघावं, अशी माझी इच्छा होती.

एके दिवशी कंप जास्त होता. मी रात्रीतून खाच एका टाइलने कमी केली. कोणाला कळलं नसतं.

सकाळी त्यांनी कंट्रोलर घेतला, खाचेपाशी आले आणि थांबले.

"मागच्या पट्टीवर रिवेट चारच का?"

पट्टीवर दर टाइलला एक रिवेट, लोखंडी खिळ्याचं गोल डोकं, मीच काढला होता.

"आर्ट बदललं," मी म्हणाले.

"खोटं नको बोलूस. मला पास करायला माप बदललंस?"

"एकच टाइल," मी म्हणाले.

"आयुष्यभर मी कोणाचा माल असा पास केला नाही. आता माझाच करू?"

पॅडवर काहीतरी लिहून खाली निघून गेले. मी त्याच मिनिटाला खाच पाच टाइल्सची केली.

दुसऱ्या दिवशी परत आले. परत पडले. परत विचारलं, पलीकडे काय आहे. माझं उत्तर तेच.

पुढे काही आठवड्यांनी त्यांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, त्यांचा रस संपला.

मग एका सकाळी ते वर आलेच नाहीत. हार्ट.

गेलं वर्षभर मी एकच विचार करत होते. फाइल उघडून दाखवायला दोन सेकंद लागले असते.

ते गेल्यावर मी देवास सोडलं; आज वर्षश्राद्धाला परत गेले. आत्याने पॅड हातात दिला. "तुझंच आहे काहीतरी."

खाच कमी केली त्या दिवसाची नोंद: "खेळलो नाही. कारण: डिझायनर."

शेवटच्या पानावर एक नोंद जरा लांब आहे.

"चौथ्या रिवेटपाशी पडलो. कारण: ऑपरेटर. पलीकडे स्टूल दिसलं. एक पाय आखूड, खाली पुठ्ठा."

त्याखाली आणखी सहा प्रयत्न. सहाही चौथ्या रिवेटपाशी.

कारण: तपासणी.

घरी येऊन मी चेक केलं. माझ्या हिशोबाने उडी पूर्ण झाल्याशिवाय स्टूल दिसायला नको. पण चौथ्या रिवेटवर गेमचा कॅमेरा थोडा जास्त सरकतो आणि उजव्या कडेला नऊ फ्रेम्स, म्हणजे क्षणभरच, स्टुलाचे पाय दिसतात. पुठ्ठा म्हणजे दोन तपकिरी पिक्सेल.

हात साथ देत नव्हता. नजर शाबूत होती. म्हणूनच त्यांनी विचारणं बंद केलं होतं.

कॅमेऱ्याची ती चूक मी दुरुस्त करणार नाही. खाचही पाचच राहील.

आतोबा, रिवेट मोजले. बरोबर आहेत.

नमस्कार करते.