जिवंत माणसाची तसबीर

अमेरिकेत कॅरीला मुलाकडे मी अधूनमधून येते. या खेपेला नातीने हट्टच धरला, "आजी, मला तुझं पोर्ट्रेट करायचंय. मोठ्ठं. हॉलमध्ये लावू." कॉलेजच्या ॲडमिशनसाठी तिला माणसांची चित्रं पाठवायची होती. मी म्हटलं, "बाई गं, माझी तसबीर मी गेल्यावर लावा." ती हसली नाही. तोंड पाडून खोलीत गेली. आता बघा, आमच्या घरी भिंतीवर चौकटीत कोण? सासरे, सासूबाई, आणि अलीकडे आमचे हे. हार घातलेले. त्यांच्या रांगेत मी जिवंतपणी जाऊन बसायचं म्हणजे कसंसंच वाटतं.

शनिवारी ती मला म्युझियममध्ये घेऊन गेली. ब्लॅक आर्टिस्ट, तेही आजच्या काळातले, त्यांनी काढलेली पोर्ट्रेट्स लागली होती. नुसती माणसं हो! देव नाही, डोंगर नाही. वेण्या घालून घेणारी मुलगी, गाडीला टेकून उभा असलेला म्हातारा. आणि सगळी आपल्याकडेच बघतात. मी त्यांना बघायला आले की ती मला, तेच मला कळेना.

शेवटच्या खोलीत एका बाईचं चित्र होतं. माझ्याच वयाची, अंगात घरातला गाऊन, बसायला अंगणातली प्लॅस्टिकची खुर्ची. आणि चारी बाजूंनी पिवळी-केशरी फुलं, अगदी झेंडूच. मला वाटलं, गेली बिचारी. मी चपला बाजूला काढल्या, हात जोडले आणि डोळे मिटून म्हटलं, जिथे असशील तिथे सुखात राहा गं बाई.

डोळे उघडले तर तीच बाई शेजारी उभी! तोच चेहरा, तेच कपाळ, डोक्यावर जांभळी हॅट. माझ्या अनवाणी पायांकडे बघत होती.

नात धावत आली. "आजी! चपला घाल! व्हॉट आर यू डूइंग?" मग त्या बाईचं ऐकून मला म्हणाली, "हे त्यांचंच चित्र आहे. त्यांच्या भाच्याने काढलंय. त्या विचारतायत, तू प्रेअर का केलीस?"

"सांग काहीतरी. आवडलं म्हण."

पण ही पोर इथे वाढलेली, तिने खरं ते सगळं सांगून टाकलं. बाई एवढी हसली की पहारेकरी वळून बघायला लागला. माझा दंड धरून म्हणाली, "हनी, मी गेल्यावर लावलं असतं तर मला कसं दिसलं असतं?" एवढं इंग्रजी मला कळलं.

मग ती चित्रासमोर मान तिरकी करून उभी राहिली, साडीच्या दुकानात आरशापुढे आपण उभ्या राहतो तशी. मी नातीला म्हटलं, "विचार ना, रंग इतका काळा काढलेला चालला त्यांना?" माझ्या लग्नाच्या फोटोत फोटोवाल्याने मला आपणहून गोरी करून दिली होती, आणि सगळ्यांना तोच फोटो आवडायचा.

"आजी, असं नाही विचारत!" नात लालबुंद झाली. पण बाईने विचारायला लावलंच. ऐकून स्वतःच्या गालावर बोट टेकवलं. म्हणाली, "आधी त्याने फिकट काढला होता. मी म्हटलं, ही कोण?"

घरी येताना गाडीत तेच डोक्यात घोळत होतं. बाई चुकली म्हणावं तर तसंही वाटेना, आणि मी इतकी वर्षं मानलं ते चुकीचं म्हणायलाही मन धजेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच खुर्ची खिडकीपाशी ओढली. "बसते. पण मला काही झालं तर तुझी जबाबदारी."

"आजी, यू आर सो ड्रामॅटिक," म्हणत तिने आधी रंग कालवला. तपकिरी, लाल, त्यात चक्क थोडा निळा. ब्रश माझ्या हाताशी आणून धरला. "मॅच होतोय?"

मी हाताकडे पाहिलं, रंगाकडे पाहिलं. मी स्वतःला सावळी म्हणत आले, हा तर त्याहून गडद होता. थोडा उजळ कर, असं अगदी ओठांवर आलं. हात परत उन्हात धरून बघितला.

"आजी, बोल ना. रंग वाळतोय."

"लाव," मी म्हटलं.