जोएल केबेलचं कड्यावरचं घर

जोएल केबेल तेवीस वर्षांनी फ्रान्सला, ल आव्र या आपल्या बंदराच्या शहरात, परत आला तो कायमचा राहायला म्हणून. कॅनडातल्या रिमुस्की गावात त्यानं ती सगळी वर्षं बेकरीच्या भट्टीपुढे काढली. बायको केव्हाच वेगळी झाली होती, मूलबाळ नव्हतं. वय त्रेसष्ट. भाड्याची जागा सोडून, भट्टी दुसऱ्याच्या हवाली करून तो निघाला. आईचं कड्यावरचं घर होतंच. खिडक्यांच्या फळ्यांना निळा रंग द्यायचा, एवढं मनाशी ठरलेलं होतं.

आई जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हा साथीमुळे विमानं बंद होती, त्यामुळे मातीलाही त्याला येता आलं नाही. त्याआधी मात्र दर रविवारी तो फोन करायचा. आई सांगायची, यंदा सफरचंदाला बहर दांडगा आलाय, वाऱ्यानं दोन कौलं उडवली, कुंपणापाशी ससे येतात.

बहीण ओदील त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानावरच ती राहायची. पहिली रात्र तो तिथेच झोपला. सकाळी तिनं बेत सांगितला: दीपस्तंभापर्यंत सायकलनं जायचं, तिथून कड्याकड्यानं चालायचं, दुपारी शहरात सायकलवर फेरी मारायची. जोएल म्हणाला, फेरी उद्या मारू, आधी घर उघडून दे. ती म्हणाली, वाटेतच आहे.

मे महिना होता. खाली समुद्र खडूसारखा पांढरट, वर गवत गुडघाभर. सायकली दीपस्तंभापाशी कुलपात ठेवून दोघं निघाली. ओदील काठापासून चांगली वीस पावलं आत राहून चालत होती. जोएलनं तिची थट्टा केली, म्हातारी झालीस. ती हसली नाही. पाऊण तासानं रस्त्याच्या कडेचा दगडी क्रूस लागला. जोएलची पावलं आपोआप झपाझप पडू लागली. क्रूसापासून तिसरं घर त्यांचं.

पहिलं घर होतं, त्याच्या दाराला फळ्या ठोकलेल्या. दुसऱ्याचा नुसता चौथरा होता. त्यापुढे कुंपणाची तार आडवी गेलेली, आणि तिचे शेवटचे दोन खांब कड्याच्या बाहेर, हवेत लोंबत होते.

जोएल थांबला. त्याला वाटलं आपण वाट चुकलो. तो मागे गेला, क्रूस पाहिला, परत आला.

“ओदील, घर कुठंय?”

तिनं हात वर केला आणि समुद्राकडे दाखवला. “तिथं.”

तो पुढे झाला तशी तिनं त्याची बाही घट्ट धरली आणि ओढतच त्याला बाजूच्या वळणावर नेलं. तिथून कड्याची उभी भिंत दिसत होती. माथ्याखाली दोन हातांवर, पांढऱ्या खडकातून एक मातीचा नळ बाहेर आलेला. त्याच्या तोंडाशी सिमेंटचा बेढब गोळा. जोएलनं तो गोळा ओळखला. घर सोडण्याआधीच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराच्या मोरीचा नळ त्यानंच पुरला होता, आणि सिमेंट जास्त झालं म्हणून आईची बोलणी खाल्ली होती.

तो गवतात बसला.

ओदीलनं सगळं सांगितलं. कडा ढासळत होता म्हणून नगरपालिकेनं आईला दोन हजार बारा साली घर सोडायला लावलं होतं. पुढच्या वर्षी ते पाडलं, आणि उरलेली जागा बागेसकट दोन हिवाळ्यांत समुद्रानं नेली. आई गावात फ्लॅटमध्ये राहायला आली. फोनचा नंबर तोच ठेवला. जुन्या पत्त्यावरची पत्रं ओळखीचा पोस्टमन नव्या दारी आणून द्यायचा.

“आणि सफरचंद?” जोएलनं विचारलं.

“सगळ्यात आधी तेच गेलं.”

“आठ वर्षं ती माझ्याशी खोटं बोलली? तू तरी सांगायचंस.”

“तिनं शपथ घातली होती. म्हणायची, घर नाही असं कळलं तर तो परत येणारच नाही. ती गेल्यावर मी पत्रं लिहिली, जोएल. लिहायची आणि फाडायची. तू येतो म्हणालास तेव्हा तर हातपायच गळाले माझे.”

जोएल उठून चालू लागला. दीपस्तंभापाशी येऊन त्यानं सायकल काढली आणि उतारावरून सुसाट सुटला. किनाऱ्यावरच्या समुद्रस्नानाच्या पांढऱ्या लाकडी खोल्या, मासळीबाजार, गोद्या, पुन्हा किनारा. शहराला त्यानं दोन फेरे घातले. कुठून जातोय हे त्याला कळत नव्हतं. पासष्टीची ओदील धापा टाकत मागे होती. एका चौकात ट्राम त्याच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावरून गेली. तेव्हा कुठे तो उतरला.

“कुठं राहायची ती?”

ती जागा तिथून दोनच गल्ल्यांवर होती. तिसऱ्या मजल्यावर आता दुसरं बिऱ्हाड होतं. शेजारच्या दारातून मादाम वोक्लँ बाहेर आल्या. त्याला पाहताच म्हणाल्या, “तुम्ही कॅनडावाले ना? दर रविवारी फोनआधी तुमची आई माझं दार वाजवायची. म्हणायची, खिडक्या लावून घ्या हो, रेडिओ बंद करा. भिंती पातळ आहेत, ट्रामची घंटा त्याला ऐकू जाता कामा नये.”

जोएलनं जिन्याचा कठडा धरला. त्याला आठवलं, एकदा फोनवर त्यानं विचारलं होतं, कसली गं घंटा? आई म्हणाली होती, चर्चची. त्यालाही ते पटलं होतं.

पुढचे चार दिवस तो ओदीलच्या दुकानाच्या मागच्या खोलीत पडून राहिला. जेवायचा, पण बोलायचा नाही. पाचव्या दिवशी तिच्यावर मनसोक्त ओरडला, आणि मग तिच्याच समोर बसून सूप प्यायला. रिमुस्कीला परत जायला तिथे काही उरलं नव्हतं. महिनाभरानं त्यानं गोदीजवळ एक खोली घेतली. मंडईशेजारच्या बेकरीत आठवड्यातून तीन सकाळी कणीक मळायला जाऊ लागला. ओदीलशी बोलणं हळूहळू पूर्ववत झालं. आईविषयी मात्र तो अजून तिच्याशी बोलत नाही. लोक विचारतात, का आलात परत? तो म्हणतो, आईनं बोलावलं होतं.