दावीद सरांनी न दिलेली ओळ

आधीच सांगते, भूतखेत मी मानत नाही. बाबांनी छापलेली भोंदूगिरीविरुद्धची पत्रकं वाटत मी मोठी झाले. चमत्कार दाखवणाऱ्याला भर बाजारात प्रश्न विचारलेत. पण हे लपवलं, तर खोटी मीच ठरेन...

नळदुर्गात हायवेपासून थोडं आत एक जुना प्रार्थना हॉल आहे. तिथल्या पियानोवर दावीद सर माझ्या मैत्रिणीला, शबानाला, शिकवायचे. तिला संगीत कॉलेजात जायचं होतं. प्रवेशासाठी तिनं एक पाश्चात्त्य क्लासिकल रचना बसवली होती — एक साधी सुरावट आणि तिची बारा रूपं. तिच्याआधी वाजवायला सरांनी स्वतः प्रेल्यूड रचला. अगदी आजचा, ट्रकच्या हॉर्नसारखे सूर असलेला. सर त्याला 'पूर्वरंग' म्हणायचे.

सर मूळचे पेटीवाले. रचनेची शेवटची ओळ कागदावर द्यायची नाही, शिष्याला समोर बसवूनच द्यायची, हा त्यांच्या गुरूंचा नेम. पूर्वरंगाची ती ओळ द्यायच्या आधीच सर हार्ट अटॅकनं गेले.

फॉर्मवर पूर्वरंगाचं नाव आधीच गेलं होतं, आता तो गाळता येत नव्हता. व्हिडिओ पाठवायच्या शेवटच्या दिवशी, दुपारी दोनला, हॉलमध्ये आम्ही दोघीच. मोबाईल मी खिडकीत टेकवला आणि मागच्या बाकावर बसले; तिथून तिची पाठच दिसत होती. ठरलं होतं की त्या रिकाम्या जागी शबाना मनात मात्रा मोजेल आणि पुढं जाईल.

ती जागा आली... आणि सूर सावकाश उतरत थेट मूळ सुरावटीच्या दारात येऊन थांबले. मला वाटलं, पठ्ठीनं स्वतःच रचलं!

"काय ओळ जोडलीस गं!"

"कुठली ओळ? मी तर मात्रा मोजत होते. आज तरी चेष्टा करू नको."

व्हिडिओ लावला. तिचे दोन्ही हात मांडीवर — आणि ओळ वाजतेय.

"सरच हायत," ती पुटपुटली.

"सर गेलेत, शबाना!"

"मग कोण वाजवतंय? सांग की, तुला तर लई कळतंय!"

मी पियानोचं झाकण उघडून पाहिलं. फोन तपासला, बाहेर फिरून आले. काहीच नाही.

फॉर्मवर सही होती — सर्व वादन माझंच आहे. मी म्हणाले, "हा व्हिडिओ पाठवायचा नाही. दुसऱ्या कुणी दाखवला असता, तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं."

"इतकं चांगलं परत वाजेल का? वर्ष जाईल माझं..."

मी हटले नाही. तिनं तो व्हिडिओ पुन्हा एकदा पाहिला. मग म्हणाली, "बरं. सही माझी हाय, ओळ माझी न्हाय."

दुसऱ्यांदा ती जागा रिकामीच गेली. पुढं तिची तीन रूपं घसरली. तोच व्हिडिओ पाठवला. प्रवेशाच्या यादीत तिचं नाव आलं नाही.

पहिला व्हिडिओ बाबांनी तीनदा पाहिला. चष्मा काढून म्हणाले, "मला न्हाय सांगता येत." बाबांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

ओळ कुणी वाजवली, मला आजही माहीत नाही. शबानाचं वर्ष कुणाच्या हट्टापायी गेलं, ते मात्र माहीत आहे.