हमीद मास्तरांचा चेहरा

प्रिय मीनल आणि रोहन,

फैजपूरहून निघालेली एस.टी. सिंधूच्या गावाच्या अलीकडेच थांबली. केळीच्या बागेमागून काळा धूर येत होता आणि रस्त्याच्या कडेला हिरव्या वर्दीतले आठ-दहा सैनिक, बंदुका मांडीवर ठेवून, भुईमुगाच्या शेंगा खात बसले होते. कंडक्टरने दारातूनच विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही भाऊ," एक सैनिक शेंग फोडत म्हणाला, "गाव जाळलं."

मी धुळ्याहून निघाले होते ती धाकट्या बहिणीकडे चार दिवस भरीत खायला. गाव जळताना पाहायला मिळेल, हे सिंधूने पत्रात लिहिलं नव्हतं.

मुंबईचा एक दिग्दर्शक पूर्व बंगालातल्या लढाईवर सिनेमा काढत होता. सैन्याने एका खेड्यातल्या निःशस्त्र माणसांना कसं मारलं, ते दाखवायचं होतं. बंगालला जाणं जमत नव्हतं. पण आमच्या केयी (केळी) कॅमेऱ्यात हुबेहूब बंगाली दिसतात म्हणे. नट नकोत, खरी माणसं हवीत. कॅमेरा खांद्यावर, बातमीपटासारखा. गावाने जाळायला पडक्या झोपड्या दिल्या आणि मरायला बायका.

दिग्दर्शक इंग्रजीतच बोलायचा आणि मला इंग्रजी येतं हे सिंधूने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यामुळे हातपाय धुण्याआधीच मी दुभाषी झाले.

सैनिक म्हणजे गावातलेच शेतकरी. गोळीचा हुकूम देणारा मेजर मात्र हमीद मास्तर, गावचे शिंपी. सगळ्या वर्द्याही त्यांनीच शिवलेल्या. मी दिग्दर्शकाला विचारलं, "मेजर हेच का?"

"त्यांच्या चेहऱ्यात ते आहे," तो म्हणाला.

वीस वर्षं गाव तो चेहरा रोज पाहत होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बारा बायका भिंतीशी उभ्या केल्या. मास्तर बंदूक रोखून गरजले. लगेच कमलबाई म्हणाली, "ओरडता काय मास्तर? माह्यं पोलकं कधी देता ते सांगा. परवा लग्न आहे पोरीचं!"

"अन् माह्यी बाही केवढी घट्ट केली!" मागून दुसरी.

"उद्या नक्की, काकू," मेजर म्हणाले. कॅमेरा बंद.

दुसऱ्या खेपेला सगळ्या नीट मेल्या. पण बघ्यांत सासरे दिसताच एका मेलेल्या सुनेने पदर डोक्यावर ओढला. "मेलेली माणसं पदर घेत नाहीत!" दिग्दर्शक ओरडला. मी भाषांतर केलं.

"माणसं नसतील घेत," सिंधू पडल्या पडल्या म्हणाली, "सुना घेतात."

दुपारी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळल्या झाडांवर) भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी असं जेवण झालं. मी हात धूत होते, तेव्हा मास्तर जवळ आले.

"अक्का, साहेबांना इंग्रजीत सांगा ना, माझी पाठ दाखवा. चेहरा नको. ते उद्या मुंबईला जातील. मला इथंच राहायचंय, याच बायकांची मापं घ्यायचीत."

मी सांगितलं. इतक्या सभ्य इंग्रजीत सांगितलं, की विनंतीची सूचना झाली आणि सूचनेला नाही म्हणणं त्याला फारच सोपं गेलं. मग मी मास्तरांची समजूत घातली, "अहो, सिनेमाच तो. गाव काय तुम्हाला ओळखत नाही?" माझ्या शब्दावर ते तयार झाले.

तिसऱ्या खेपेला मास्तर गरजले नाहीत. पाण्याचा माठ लाथेने फोडला, सिंधूला दंडाला धरून भिंतीशी ओढलं आणि हळू आवाजात हुकूम दिला. कुणी हसलं नाही. कमलबाईने लेकीला पाठीमागे लपवलं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. दिग्दर्शक डोळे पुसत म्हणाला, "हे सत्य!"

"सिंधूताई, लागलं का हो?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, नाही," ती दंड चोळत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या दुकानात, सिंधूने आधीच शिवायला टाकलेला माझा ब्लाउज घ्यायला गेले. कमलबाई तिथे होती. पोलकं अजून झालं नव्हतं आणि लग्न दुसऱ्या दिवसावर आलेलं. ती म्हणाली, "सावकाश द्या, मास्तर. घाई नाही." लेक बाहेर, रस्त्यापलीकडे उभी होती.

ती गेल्यावर मास्तर म्हणाले, "वीस वर्षांत माझ्याशी इतकं गोड कुणी बोललं नव्हतं, अक्का."

माझाही ब्लाउज झाला नव्हता. वेळेच्या बाबतीत मी कशी आहे, तुम्ही जाणताच. चांगलं खडसावायचं म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "राहू द्या, सवडीने पाठवा." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मशीन सुरू केलं.

जळगावला गाडी बदलून धुळ्याला आले. वाटेत कितीदा तरी मनाशी म्हटलं, की वर्दी खोटी, बंदूक खोटी, मरणं खोटं. भीती तेवढी खरी निघाली. ती लोकांना वाटावी म्हणूनच तर सिनेमा काढतात आणि अशा सिनेमांची गरजही आहे. पण ती वाटायला लावणाऱ्या माणसाला नंतर त्याच गल्लीत दुकान उघडायचं असतं, याची तजवीज कुणी करत नाही. मीही केली नाही.

घरी आल्यावर दिग्दर्शकाला पत्र लिहायला बसले. तीन कागद फाडले, कारण तिन्हींची सुरुवात 'आपणास तसदी देत आहे, क्षमस्व' अशीच झाली होती. चौथ्यावर लिहिलं, "हमीद मास्तरांनी नको म्हटलं होतं. मी ते तुम्हाला नीट सांगितलं नाही. त्यांचा चेहरा सिनेमातून काढा." खाली सही केली आणि आज सकाळी टपालात टाकलं. इंग्रजी शिकल्यापासून मी लिहिलेलं हे पहिलं उद्धट पत्र.

तुमची,
आजी